तळ्याकाठचं रान

येन्सचा मेसेज आला तेव्हा मी सृष्टीच्या काखेत थर्मामीटर धरून बसले होते. एकशे एक. मेसेज इंग्रजीत होता आणि त्यात नऊ मुद्दे होते.

येन्स हा माझ्या नवऱ्याचा मालक. त्याचं शेत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला, समुद्राच्या एका खाडीकाठी आहे. आमचं घर जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीलगत. माझा नवरा धनाजी मेंढीपालनाचा डिप्लोमा करून पाच वर्षं कंत्राटी कामं करत फिरला, आणि मग आटपाडीच्या एका मित्राच्या ओळखीनं तिकडच्या कोळंबीच्या कारखान्यात गेला. सप्टेंबरात त्या भागातल्या सगळ्या शेतांवरची कोकरं बोटींत भरून एकाच कत्तलखान्यात आणतात. तेव्हा माणसं कमी पडतात म्हणून कारखान्यातल्या काहींना तिकडं पाठवलं होतं. बोटीतून सुटलेली एक मेंढी धनाजीनं मागच्या पायाला धरून अशी अलगद खाली बसवली की धक्क्यावर उभा असलेला येन्स बघतच राहिला. दात बघून वय सांग म्हणाला. धनाजीनं वय सांगितलं, शिवाय हिची कास एका बाजूनं आटलीय हेही सांगितलं. महिन्याभरात तो येन्सच्या शेतावर राहायला गेला.

धनाजीला इंग्रजी बोलता येतं, कामापुरतं. वाचायचं म्हटलं की घाम फुटतो. त्यामुळं येन्सनं काही लांबलचक लिहिलं की तो ते मला पाठवायचा आणि मी मराठीत बोलून त्याला परत पाठवायचे. मी साताऱ्याची, फौजीची मुलगी, बी.एस्सी. झालेली. या घरात माझ्या डिग्रीचा एवढाच उपयोग झाला होता, आणि त्याचा मला अभिमान होता. सासूबाई बायकांत सांगायच्या, तिकडचं शेत माझी सून हितनं चालवतीया.

खरं सांगायचं तर त्या बेटाबद्दल मी धनाजीपेक्षा जास्त वाचलं होतं. रात्री सृष्टी झोपली की मी तेच वाचायचे. तिथं पिकतं फार थोडं. देश चालतो तो मासळीवर, कोळंबीवर आणि डेन्मार्ककडून दरवर्षी येणाऱ्या पैशावर. शेती आहे ती दक्षिणेच्या एका कोपऱ्यात, बोटांवर नाही पण फार तर चार-पाच डझनांत मोजता येतील इतकी घरं. बटाटा, सलगम, थोडी भाजी, आणि मेंढ्या. बाकी सगळं जहाजातून. कांदा जहाजातून, गव्हाचं पीठ जहाजातून, पोराच्या तापाचं औषधही जहाजातून. वसंतात दुसऱ्या किनाऱ्यावरचा बर्फ वाहत येऊन खाड्यांची तोंडं बंद करतो तेव्हा जहाज बाहेरच थांबतं.

माझे सासरे कोंडीबा, ज्यांना मी मामा म्हणते, त्यांना यातल्या फक्त मेंढ्यांत रस होता. मेंढरं सहा-सहा महिने घरात बांधून घालतात हे त्यांना काही केल्या पटेना.

"मग मेंढरू चालतंय कवा?" ते विचारायचे.

सासूबाई म्हणायच्या, "चालतंय कशाला, पलंगावर लोळतंय. तुमीच जन्मभर चालला म्हनून का सगळ्या जगानं चालायचं?"

पण मामांनी मुख्य गोष्ट बरोबर पकडली होती. आपल्याकडं पाऊस ठरवतो, तिथं ऊन ठरवतं. उन्हाळा जेमतेम शंभर दिवसांचा. तेवढ्यात जितकं गवत कापून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवाल तितक्याच मेंढ्या हिवाळ्यात जगणार. गवत कमी पडलं तर उरलेल्या मेंढ्या शरदातच बोटीत चढवायच्या. म्हणून तिथला शेतकरी आयुष्यभर एकच काम करतो, दगड वेचून रान वाढवतो. येन्सच्या वडलांनी तेच केलं, येन्सही तेच करत होता.

मेसेज आला तो जूनचा तिसरा आठवडा होता. बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी येन्स चार दिवस शहरात चालला होता आणि शेत पहिल्यांदाच एकट्या धनाजीवर सोडत होता. बहुतेक मेंढ्या डोंगरात सोडून झाल्या होत्या, ते काम धनाजीनंच कुत्र्याला घेऊन चार दिवस राहून केलं होतं. घराजवळ उशिरा व्यालेल्या नव्वदएक मेंढ्या आणि त्यांची कोकरं होती. मेसेज होता तो त्यांच्याबद्दल, विजेच्या कुंपणाबद्दल, पंपाबद्दल. सहावा मुद्दा असा होता: तळ्याकाठचं नवं रान मंगळवारी पेरलं आहे. उगवण दिसायला दोन आठवडे लागतील. पुढचे सहा आठवडे तिथं एकही जनावर जाता कामा नये.

मी तो वाचला. मला आठवतं, मी तो दोनदा वाचला.

त्याच आठवड्यात आणखी एक कागद आला होता. मला आणि सृष्टीला तिकडं राहायची परवानगी मिळाल्याचा. येन्सनं सही करून, राहायला खोली आहे असं लिहून दिलं होतं म्हणून ती मिळाली. ऑगस्टात जायचं ठरलं. सासूबाईंनी शेंगदाण्याची चटणी किती न्यायची याचा हिशोब सुरू केला. साताऱ्याहून वडलांचा फोन आला. ते सियाचीनला राहिलेले, त्यांनी मला मोजे दोन घालायचे की एक यावर अर्धा तास ऐकवलं. सगळे खूश होते. मीही हसत होते.

सृष्टी सव्वा वर्षाची असताना, धनाजी तिकडं गेल्यावर, तिला तापात झटका आला होता. डोळे वर गेले, अंग लाकडासारखं ताठ झालं, ओठ निळे पडले. मिरजेच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत दोन तास गेले. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांत होतं असं, पाचेक वर्षांची झाली की थांबेल, पण ताप अंगावर काढू नका. तेव्हापासून मी तिच्या कपाळावरून हात काढलेला नाही. धनाजीला मी एकदाच विचारलं होतं की तिथं डॉक्टर कुठं असतो. तो म्हणाला, असतो की, हाय सगळं, तू येऊन बघ. मी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला वाटलं असतं मला यायचं नाही. आणि मला यायचं नव्हतंच. हे वाक्य मी तेव्हा मनातसुद्धा पूर्ण म्हटलेलं नव्हतं.

तर त्या दुपारी सृष्टी कडेवर रडत होती, आणि मी येन्सचे मुद्दे मराठीत सांगत होते. पाच सांगून झाले. तिला उलटी झाली. मी म्हटलं, "बाकीचं संध्याकाळी सांगते," आणि फोन ठेवला.

संध्याकाळी सातला धनाजीचा व्हिडिओ कॉल आला. तिथं दुपार होती. ताप उतरला होता, पोर सासूबाईंच्या मांडीवर झोपलं होतं. मामा अंगणातून आत आले, माझ्या शेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, मेंढरं दाखव. फोन माझ्या हातात होता. धनाजी चालत चालत सगळं दाखवू लागला: कोकरं, पिवळी फुलं, तळं. तळ्याच्या कडेला एक तपकिरी तुकडा दिसला. गुळगुळीत, आपल्याकडं कुळवून ठेवलेलं रान असतं तसा.

मामा पुढं सरकले. "त्ये काय रं?"

"नवं रान हाय आबा. मी डोंगरात जायच्या आदी नुसती ढेकळं हुती. आता रोलर फिरवलाय मालकानं."

"पेरलंय?"

"काय दिसत तर न्हाई. मोकळंच हाय."

मामांनी डोळे बारीक करून तो तुकडा पुन्हा बघितला. मग त्यांच्या तोंडून ते निघालं, आणि मला माहीत होतं ते निघणार.

आमच्याकडची रीत सांगायला हवी. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या माणसाला शेतकरी स्वतः बोलावणं पाठवतो: माझ्या रानात दोन रात्री वाडा बसवा. पीक निघालं की मोकळ्या रानात वाघर लावायची, म्हणजे दोरीच्या जाळीचं कुंपण, आणि आत रात्रभर मेंढरं बसवायची. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं. ज्या रानात वाडा बसला ते रान पुढं तीन वर्षं बोलतं असं म्हणतात. त्या बदल्यात धान्य मिळतं. मामांना कृष्णाकाठच्या ऊसवाल्यांपासून माणदेशापर्यंत लोक बोलवायचे, म्हसवडच्या यात्रेत गाठून आगाऊ दिवस ठरवून घ्यायचे. पण कधीतरी, कुणाचे उपकार असतील, कुणाच्या घरी लग्न असेल, तर मामा न बोलावता जाऊन वाडा बसवायचे आणि काही घ्यायचे नाहीत. हा मेंढकऱ्याचा आहेर. मालकानं सकाळी उठून बघायचं, रानात मेंढरं बसलेली असतात.

"धना," मामा म्हणाले, "त्या मानसानं तुझ्या बायकापोरासाटी सही केली. आपुन त्याला काय दिलं?"

"काय दिनार आबा. त्याला काय कमी हाय?"

"नव्वद मेंढरं हायती, मोकळं रान हाय. मालक गावाला गेलाय. तीन रात्री बसीव. आल्यावर बघू दे त्याला."

धनाजीच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलेलं मी पाहिलं. म्हणाला, "हितं अंधार पडत न्हाई आबा, उजेडच असतोय."

"मग उजेडात बसीव. मेंढराला काय घड्याळ हाय?"

सासूबाई हसल्या. मीही हसले असणार. फोन माझ्याच हातात होता, आणि सहावा मुद्दा मला पाठ होता. पेरलं आहे, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. मी गप्प बसले. मला वाटलं तो नाही करणार, तो आधी येन्सला विचारेल. मला वाटलं फोन ठेवून मग सांगू. मला असंही वाटलं, आणि हे मी आता लिहू शकते, की बिघडलं काही तर बिघडू दे. मग रेंज गेली आणि त्याचा चेहरा तसाच हसत अडकून राहिला.

त्यानंतर मी त्याला उरलेल्या चार मुद्द्यांचा मेसेज लिहिला नाही असं नाही. लिहिला आणि खोडला. सृष्टीला पुन्हा कणकण आली. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी फोटो आला. तळ्याकाठी जाळी लावलेली, आत मेंढ्या दाटीनं बसलेल्या, त्यांच्या पाठीवर ऊन. खाली त्यानं आवाजात सांगितलं होतं, "आबांना दाखव."

मी दाखवला. मामांनी फोन हातात घेऊन खूप वेळ बघितला आणि शेजारच्या आप्पासोंना दाखवायला घेऊन गेले.

येन्स चौथ्या दिवशी बोटीनं आला. काय झालं ते धनाजीनं मला नंतर सांगितलं, तेही तुटक. येन्स ओरडला नाही. तो रानाच्या कडेला उभा राहिला, मग आत जाऊन गुडघ्यावर बसला आणि हातानं माती चाचपू लागला. तळ्याकाठची माती ओली. नव्वद मेंढ्या आणि दीडशे कोकरं, तीन दिवस. रोलरनं दाबलेली माती खुरांनी घोट्याइतकी कालवलेली, आणि नुकतं मोड धरू लागलेलं बियाणं चिखलात खोल गाडलं गेलेलं. धनाजीला वाटलं मालक खत बघतोय. तो शेजारी जाऊन उभा राहिला, कौतुकाची वाट बघत.

"मी हसत उभा हुतो गं," तो म्हणाला.

ते रान येन्सनं दोन उन्हाळे दगड वेचून केलं होतं. बियाणं आदल्या शरदात जहाजातून आलेलं. आता दुसरं यायचं तर पुढचं जहाज, आणि जुलै उलटल्यावर पेरलेलं गवत तिथं धरत नाही. त्या एका तुकड्यावर येन्सनं येत्या हिवाळ्यात चाळीस मेंढ्या जास्त ठेवायच्या ठरवल्या होत्या. आता त्या चाळीस सप्टेंबरात कत्तलखान्यात जातील. येन्सनं विचारलं, मी लिहिलं होतं, तू वाचलं नाहीस का? धनाजी म्हणाला, वाचलं नाही नीट, माझी चूक. रविवारपर्यंत विचार करून सांगतो, येन्स म्हणाला. धनाजीचं तिथं राहणं येन्सच्याच कागदावर होतं. येन्सनं नको म्हटलं तर त्याला परत यावं लागणार होतं.

"त्यात पेरल्याचं हुतं का?" धनाजीनं मला विचारलं. "त्या मेसेजात?"

मी म्हटलं, "बघते."

त्यानं पुढं विचारलं नाही. तो एवढा खचलेला होता की माझ्या आवाजाकडं त्याचं लक्ष नव्हतं.

घरात ही बातमी मीच सांगितली. मामा दारातल्या दगडावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, किती रान होतं विचारलं, चाळीस मेंढ्या म्हणजे गाभण का भाकड विचारलं. मग उठून कोपऱ्यातली वाघर घेतली आणि नीट असलेली जाळी उलगडून पुन्हा गुंडाळत बसले. दुसऱ्या दिवशी सांगोल्याकडचा एक शेतकरी वाडा ठरवायला आला, मामांनी त्याला सांगितलं, यंदा आमी बसवत न्हाई. तो माणूस चकित झाला. चहा न घेताच गेला.

सासूबाई माझ्याकडं येऊन हळूच म्हणाल्या, "पन्नास वर्सं झाली, ह्यांच्या मेंढरानं कुनाची पात कवा खाल्ली न्हाई. ह्येच सांगत्यात, आनि जेवत न्हाईत." मी भाकरीचं पीठ मळत होते. मळतच राहिले.

शनिवारी दुपारी मामा माझ्यासमोर येऊन बसले. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला पटका. म्हणाले, "पोरी, त्या मालकाला इंग्रजीत लिही."

मी विचारलं, काय लिहू.

त्यांनी ठरवून आणलं होतं. एकेक वाक्य सावकाश सांगू लागले. "लिही. मी धनाजीचा बाप. चूक माजी हाय. पोरानं इचारलं हुतं, मीच म्हनलो बसीव. पेरलेलं रान वळखायला चुकलो, मी म्हातारा झालो. पोराला घालवू नका. त्याच्या बायकापोराचं तिकडं यायचं ठरलंय, त्ये मोडू नका." थोडं थांबून म्हणाले, "आनि लिही, तुमच्या चाळीस मेंढराचं पाप माज्या माथ्यावर. झालं लिहून?"

मी फोनवर बोट ठेवून बसले होते. त्यांच्या तोंडच्या पहिल्या वाक्याचं इंग्रजी झालं होतं, दुसरं होत नव्हतं. पंचाहत्तरीचा माणूस माझ्यासमोर बसून माझी चूक स्वतःच्या नावानं लिहून घेत होता, आणि मला फक्त भाषांतर करायचं होतं. तेवढं मी केलं असतं तर सगळं निभावलं असतं. येन्सनं कदाचित माफ केलं असतं, ऑगस्टात मी विमानात बसले असते, आणि मामा जन्मभर कुणाच्या रानात वाडा बसवायला गेले नसते.

मी लिहिलं ते खोडलं आणि नव्यानं लिहिलं. सहा-सात ओळी. मामा वाट बघत होते. त्यांना वाटलं इंग्रजीला वेळ लागतो.

"वाचून दाव," ते म्हणाले. "मराटीत."

मी वाचलं. "मी धनाजीची बायको क्रांती. तुमचे मेसेज मी वाचून त्याला सांगते. सहावा मुद्दा मी वाचला होता आणि त्याला सांगितला नाही. त्याच्या वडलांनी मेंढ्या बसवायला सांगितलं तेव्हा मी तिथं होते, रान पेरलंय हे मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही. त्यांना दोघांनाही माहीत नव्हतं. आमच्याकडं हा आहेर असतो, तो तुम्हाला द्यायचा होता. त्यांची चूक नाही."

बाहेर सासूबाई सृष्टीला कोंबडी दाखवत होत्या, त्यांचा आवाज येत होता.

"तुला म्हाईत हुतं?" ते म्हणाले.

"हो."

"मी बोलत हुतो तवा?"

"हो मामा."

त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडावं असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "आगं, मग माज्या हाताला नुसतं धरायचं हुतं."

मी मेसेज पाठवला. मग त्यांच्यासमोरच तो मराठीत बोलून धनाजीलाही पाठवला, कारण नंतर पाठवते म्हटलं असतं तर पाठवला नसता.

दोन दिवस धनाजीचा फोन आला नाही. असं कधी झालं नव्हतं. रविवारी येन्सचं उत्तर आलं, मला नाही, त्याला. त्यानं ते मला पाठवलंही नाही. काय होतं ते मंगळवारी कळलं, जेव्हा त्यानं फोन केला. साधा कॉल, व्हिडिओ नाही. मी घराच्या मागं, शेवग्याखाली जाऊन उभी राहिले. सगळ्यांसमोर मी त्याला अहो म्हणते, एकटी असले की तू.

येन्सनं त्याला ठेवलं होतं, निदान या हिवाळ्यापुरतं. पण मेसेज आता धनाजीनं स्वतः वाचायचे, रोज संध्याकाळी येन्ससमोर बसून, मोठ्यानं. कितीही वेळ लागो. आणि येन्स परतल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच, रोजचं काम झालं की धनाजी विळा घेऊन खडकांच्या मधलं, ओढ्याकाठचं, जिथं यंत्र जात नाही तिथलं गवत हातानं कापत होता. विळा तिथं कुणाकडं नव्हता, तुटक्या पात्याचा त्यानंच घासून केला. येन्सला वाटलं होतं दोन दिवसांत थकेल. आता तोही संध्याकाळी दाताळं घेऊन येतो. चाळीसातल्या दहा-बारा वाचतील, बाकीच्या नाहीत. हे सगळं धनाजीनं एका सुरात सांगितलं, कामाचा अहवाल द्यावा तसं.

मग म्हणाला, "फोन तुझ्या हातात हुता. तू आमच्याकडं बघत हुतीस."

"हो."

"का?"

मी त्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं. झटका, निळे ओठ, मिरजेपर्यंतचे दोन तास. रात्री वाचत बसते ते. बर्फ, वारा, जहाज. की मला तिकडची थंडी नको वाटत नाही, अंतर नको वाटतं. की त्यानं "हाय सगळं" म्हटल्यावर मी पुन्हा विचारायला घाबरले. मी रडले नाही. बोलत गेले, आणि तो पलीकडं ऐकतोय का हेही मला कळत नव्हतं.

"हितनं दवाखाना बोटीनं तासाभरावर हाय," तो शेवटी म्हणाला. "बर्फ असला तर हेलिकॉप्टर येतं. वारा असला तर त्येबी येत न्हाई. गेल्या हिवाळ्यात सात दिवस आलं नव्हतं."

"हे तू मला सांगितलं नाहीस."

"न्हाई. तू आली नसतीस म्हनून."

शेवग्याची बारीक पानं माझ्या खांद्यावर पडत होती. मग त्यानं विचारलं, तिकिटांचं काय करू. सांग म्हणाला, पण या वेळी नीट सांग.

मी म्हटलं, "या हिवाळ्यात आम्ही येत नाही. सृष्टी पाच वर्षांची होईपर्यंत मी तिला तिथं आणणार नाही. तुला यायचं असेल तर तू ये. तुला तिथं राहायचं असेल तर राहा, मी अडवणार नाही. पण मी येत नाही."

"आजून अडीच वर्सं."

"हो."

पलीकडं कुत्रं भुंकलं आणि कुणीतरी त्याला हाक मारली. त्यानं येतो म्हणून इंग्रजीत सांगितलं.

"ह्येच वाक्य तू जूनमदी म्हनली असतीस," तो म्हणाला, "तर मी चार दिवस रुसलो असतो. त्या मानसाचं रान तरी ऱ्हायलं असतं."

फोन ठेवला त्यानं. रागानं नाही, कापलेलं गवत पावसाच्या आत उचलायचं होतं म्हणून. परत कधी करतो ते सांगितलं नाही.

मी पुढच्या दारी आले. मामा मेंढरं पाण्यावर न्यायला निघाले होते, काठी हातात होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, त्यो काय म्हनला. मी त्यांना सांगितलं की आम्ही जाणार नाही. आणि तो काय म्हणाला तेही सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट.

"बरोबर बोलला," मामा म्हणाले, आणि मेंढरांना हाक घालून चालू लागले.